शब्द पाठ, पण वाक्य बसत नाही: आठवी ते दहावीच्या इंग्रजीतला नेहमीचा बिघाड

आधी लक्षणं पाहा

हा बिघाड वहीत बऱ्याच रूपांत दिसतो. खालच्या तीन-चार गोष्टी एकाच पोराच्या वहीत सापडल्या, तर पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे.

- शब्दाचा अर्थ विचारला की पटकन सांगतो. त्याच शब्दाचं वाक्य कर म्हटलं की गप्प बसतो.
- "आय ॲम गो टू स्कूल", "शी इज लाइक मँगो" अशी वाक्यं लिहितो.
- क्रियापद शेवटी टाकतो: "माय फादर कॉटन पिक".
- "टेबलवर" याचं "टेबल ऑन" करतो.
- "माय मदर गोज" बरोबर लिहितो आणि पुढच्याच ओळीत "माय फादर गो" लिहितो.
- "आय डिड नॉट वेंट", "यू व्हेअर गो?", "टू मी हंगर".
- "ओपन द फॅन", "स्पीक लाय", "डू बाथ".
- गाईडमधला निबंध पाठ असेल तर बिनचूक उतरवतो. विषय 'माझी शाळा' ऐवजी 'माझं वावर' झाला की तिसऱ्या ओळीत अडकतो.

इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, कारण घरातल्या कुणालाही ती मोठ्यानं वाचून दाखवता यावीत. पोराच्या वहीत मात्र ती रोमन लिपीतच लिहायची. त्याचं कारण पुढे येईल.

हे दिसलं की बहुतेक घरांत आणि शाळांत एकच उपाय होतो: आणखी शब्द पाठ करायला लावणं. रोज वीस शब्द, दहा-दहा वेळा लिहून. पण महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. आठवीतल्या पोराकडे सात वर्षांचे शब्द जमलेले असतात. त्याला ते शब्द कुठे ठेवायचे हे ठाऊक नसतं, आणि त्यावर आणखी शब्द ओतले की गोंधळ वाढतो. म्हणून आधी तपासणी करा. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, मधली पायरी गाळू नका.

पहिली तपासणी: दहा शब्द, पाच मिनिटं

महिन्याभरापूर्वी झालेल्या धड्यातले दहा शब्द निवडा. त्यांत निदान पाच क्रियापदं असू द्या. प्रत्येक शब्दासाठी तीन गोष्टी विचारा: वाचून दाखव, अर्थ सांग, तोंडी वाक्य कर. तिन्हींचे दहापैकी वेगळे गुण मांडा.

वाचनातच सातपेक्षा कमी आले तर खालच्या वाक्यरचनेच्या पायऱ्या तूर्तास बाजूला ठेवा आणि थेट वाचनाच्या तपासणीकडे जा. न वाचता येणाऱ्या शब्दाचं वाक्य होत नसतं. वाचन चांगलं, पण अर्थ कमी असेल तर अडचण उजळणीची आहे. वाचन आठ, अर्थ आठ आणि वाक्य दोन असा आकडा आला तर अडचण रचनेची. हायस्कूलच्या वर्गांत हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त भेटतो.

हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर महिनाभर चुकीच्या जागी औषध लावलं जातं. म्हणून ते पहिलं.

दुसरी तपासणी: शब्दांची वही उघडा

डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला मराठी अर्थ, अशा दोनच रकान्यांची वही असेल तर बिघाडाचं निम्मं मूळ सापडलं. अशा वहीत शब्द एकटे राहतात आणि वाक्यात तर ते सोबत्यांसह येतात. मराठीत आपण स्वप्न 'पाहतो', खोटं 'बोलतो', फोटो 'काढतो', पंखा 'लावतो'. इंग्रजीत या नामांचे सोबती वेगळे आहेत: हॅव अ ड्रीम, टेल अ लाय, टेक अ फोटो, स्विच ऑन द फॅन. पोरगं 'ड्रीम' आणि 'सी' हे दोन शब्द वेगवेगळे पाठ करतं आणि मराठीच्या सवयीनं जोडतं. दोन्ही शब्द बरोबर असतात, तरी जोडी चुकते.

वहीत तिसरा रकाना आखा. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात त्याची जोडी, तिसऱ्यात पोराच्या रोजच्या जगण्यातलं एक वाक्य. उदाहरणार्थ 'पिक' हा शब्द: जोडी 'पिक कॉटन', वाक्य 'वुई पिक कॉटन आफ्टर दिवाळी'. 'सो' म्हणजे पेरणं: जोडी 'सो सीड्स'. निंदणासाठी 'वीड द फील्ड', पाणी आणण्यासाठी 'फेच वॉटर'. पुस्तकातला धडा परदेशातल्या बर्फाचा असेल तरी शब्दाला घर मिळतं ते आपल्या वावरात, चुलीजवळ, पोळ्याच्या दिवशी. वापर रोज होईल असं वाक्य घेतलं तरच ते टिकतं.

याच वहीत आणखी एक गोष्ट पाहा: इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर मराठीत उच्चार लिहिलेले आहेत का? ही सवय सातवीपर्यंत सगळेच चालवून घेतात. तोटा असा की डोळा वरच्या देवनागरीवर जातो आणि खालचं स्पेलिंग वाचलंच जात नाही. मग 'वर्क' आणि 'वॉक' यांत गोंधळ, 'फॉर्म' आणि 'फ्रॉम' यांची अदलाबदल. 'देअर' ऐकू एकच येतो, लिहायचा दोन प्रकारे असतो. देवनागरीत तो फरक पुसला जातो. उच्चार लिहायचाच असेल तर पेन्सिलीनं, पानाच्या तळाशी, आणि तीन दिवसांनी खोडायचा.

तिसरी तपासणी: कर्ता धरून ठेवा, उरलेलं शेवटून वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. या एका पायरीनं जेवढी वाक्यं सुधारतात तेवढी व्याकरणाच्या दहा व्याख्यांनी सुधारत नाहीत.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याला चिकटून दुसरं येतं, हे प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. पोरगं मान डोलावतं. मग उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं? ते कुणी सांगत नाही. गंमत अशी की त्यालाही नियम आहे: मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य बऱ्याच अंशी आरशातल्या प्रतिमेसारखी असतात. कर्ता जागेवर ठेवा आणि बाकीचं शेवटापासून मागे वाचत या.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. एक वाक्य घ्या:

माझे बाबा | रोज सकाळी | बैलांना | पाणी | पाजतात

पाच पट्ट्या. पहिली तशीच राहू द्या. आता शेवटची उचलून दुसऱ्या जागी, मग तिच्या आधीची, मग तिच्या आधीची:

माझे बाबा | पाजतात | पाणी | बैलांना | रोज सकाळी

आता प्रत्येक पट्टीखाली इंग्रजी ठेवा:

माय फादर | गिव्हज | वॉटर | टू द बुलक्स | एव्हरी मॉर्निंग

वाक्य तयार. आणखी एक: 'मी सायकलनं शाळेत जातो'. मी, जातो, शाळेत, सायकलनं. आय गो टू स्कूल बाय सायकल.

हा आरसा पट्टीच्या आतही चालतो, आणि 'टेबल ऑन' ही चूक नेमकी तिथेच दुरुस्त होते. आपण 'टेबल' म्हणून मागून 'वर' लावतो. इंग्रजीत 'वर' आधी आणि टेबल मागून: ऑन द टेबल. 'झाडाखाली' म्हणजे 'खाली-झाड': अंडर द ट्री. 'गावाहून' म्हणजे 'हून-गाव': फ्रॉम द व्हिलेज. पट्टी मधून कात्रीनं कापून प्रत्यय वेगळा करून दाखवला की एका तासात बसतं. तोंडी सांगून बसत नाही, हात लागायला हवा.

मोठ्या वाक्यांतही तेच. 'पाऊस आला म्हणून मी आलो नाही' यातली दोन वाक्यं अदलाबदल करतात: आय डिड नॉट कम बिकॉज इट रेन्ड. इथे एक चूक हटकून होते. पोरं 'बिकॉज' लिहून पुन्हा मध्ये 'सो' टाकतात. दोन वाक्यं जोडायला एक कडी पुरते.

आरसा कुठे फसतो तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोराचा विश्वास उडतो. विशेषण आणि संख्या उलटत नाहीत. 'दोन काळे बैल' हे 'टू ब्लॅक बुलक्स'च राहतं, म्हणून ते एकाच पट्टीवर लिहायचे. 'नेहमी', 'कधीच नाही', 'बहुधा' या अर्थाचे शब्द क्रियापदाच्या आधी बसतात: ही ऑलवेज कम्स लेट. वेळेचा शब्द सुरुवातीला ठेवला तरी चालतो. ठिकाण आणि साधन यांची अदलाबदल झाली तर बिघडत नाही.

आणि आपण कर्ता गाळतो, हे विसरू नका. 'काल बाजारात गेलो होतो' यात 'मी' कुठेच लिहिलेला नाही, क्रियापदाच्या टोकाला दडलेला आहे. इंग्रजीत तो लिहावाच लागतो. म्हणून पट्ट्या मांडण्याआधीचा प्रश्न: कोण? उत्तर पट्टीवर लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. करणारा कुणीच नसेल, जसं 'उकडतंय' किंवा 'अंधार पडला', तर ती रिकामी जागा 'इट' भरतो: इट इज हॉट, इट इज डार्क.

घरी गोंडी, कोरकू किंवा बंजारा बोलणाऱ्या पोरांनाही हाच आरसा लागू पडतो, कारण या तिन्ही भाषांत क्रियापद शेवटीच येतं. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या वर्गात मात्र पट्टीवरचं पहिलं वाक्य पोराच्या घरच्या भाषेत तोंडी म्हणवून घ्या. त्याच्यासाठी मराठीसुद्धा शिकलेली भाषा आहे, आणि मराठीतूनच समजावत राहिलं तर त्याच्या डोक्यावर दोन परक्या भाषांचं ओझं पडतं.

दोन आठवडे, रोज चार वाक्यं. पट्ट्यांशिवाय लागोपाठ दहापैकी आठ वाक्यं बसली की पुढे जा.

चौथी तपासणी: 'आय ॲम गो' कुठून येतं

हे पोराच्या आळसातून येत नाही. पहिलीपासून 'आय ॲम' हे दोन शब्द नावाच्या आधी म्हणून म्हणून त्यांचा एकच गोळा झालेला असतो. त्याच्या कानात 'आयॅम' म्हणजेच 'मी'. मग 'मी जातो' याचं 'आयॅम गो' होणारच.

गोळा फोडायला वऱ्हाडी-नागपुरी बोली फार कामाची आहे. बऱ्याच शाळांत तिला चूक म्हणून दाबलं जातं, पण इथे ती प्रमाण मराठीपेक्षा सरळ रस्ता दाखवते. आपल्याकडे पोरगं म्हणतं, "मी जाऊन राह्यलो." त्यात दोन भाग स्पष्ट आहेत: 'जाऊन' आणि 'राह्यलो'. आरसा लावा: राह्यलो-जाऊन. 'राह्यलो' म्हणजे ॲम, 'जाऊन' म्हणजे गोइंग. आय ॲम गोइंग. 'बाबा वावरात कापूस वेचून राह्यले' याचं माय फादर इज पिकिंग कॉटन इन द फील्ड.

आता चाचणी इतकीच: मनातल्या वाक्यात 'राह्यलो, राह्यली, राह्यले' आहे का? असेल तर ॲम, इज किंवा आर घ्या आणि क्रियापदाला आयएनजी लावा, दोन्ही मिळून. 'राह्यलो' नाही, पण 'आहे' एखाद्या नावाला किंवा गुणाला चिकटलेलं आहे का, जसं 'मी विद्यार्थी आहे', 'पाणी थंड आहे'? तर नुसतं ॲम, इज किंवा आर. दोन्ही नसतील तर 'ॲम' लिहायचंच नाही: आय गो.

एक खड्डा आहे. "मले समजून राह्यलं" असंही आपण म्हणतो, पण समजणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं या मनातल्या क्रियापदांना इंग्रजीत सहसा आयएनजी लागत नाही. आय अंडरस्टँड, आय नो, आय लाइक, आय वॉन्ट. ही चार कार्डावर लिहून भिंतीला लावा.

पाचवी तपासणी: बाबा, आदर आणि 'एस'

'माय मदर गोज' बरोबर आणि 'माय फादर गो' चूक, हे कोडं मराठीतच सुटतं. आपण म्हणतो 'आई जाते', पण 'बाबा जातात'. आदरानं वडील अनेकवचनी होतात. पोरगं तो आदर तसाच इंग्रजीत नेतं, कधी 'माय फादर आर' असंही लिहितं. इंग्रजीत आदर क्रियापदात बसत नाही. माणूस मोजायचा: एक असेल तर एकवचन, मग ते सरपंच असोत, गुरुजी असोत की आजोबा. माय टीचर टीचेस. माय ग्रँडफादर हॅज अ काउ.

भूतकाळातल्या 'डिड नॉट वेंट'चा उपायही असाच एका वाक्यात सांगता येतो: भूतकाळ एकाच जागी राहतो. 'डिड' आला की भूतकाळ त्यानं उचलला, मग क्रियापद मूळ रूपात परत जातं: डिड नॉट गो. वर्तमानकाळात 'डज' हेच करतो, क्रियापदाचा 'एस' काढून स्वतःकडे घेतो. ही डज नॉट गो.

प्रश्नांचंही त्याच ओघात घ्या. 'तू जातोस का?' यातलं शेवटचं 'का' उचलून पुढे आणा: डू यू गो? 'काहून', 'कुठी', 'केव्हा' असा प्रश्नशब्द असेल तर तो त्याच्याही पुढे. चार खोके आखा: प्रश्नशब्द, का, कोण, क्रियापद. 'तू काल काहून आला नाहीस?' याचं व्हाय | डिड नॉट | यू | कम, आणि 'काल' शेवटी. बोलताना 'डिडन्ट यू' म्हणायचं. 'डिड नॉट' असं सुटं लिहायचं असेल तर 'नॉट' हे 'यू'च्या मागे जातं: व्हाय डिड यू नॉट कम यस्टरडे?

सहावी तपासणी: 'मला'ची वाक्यं

आरसा इथे चालत नाही, म्हणून ही वेगळी. मराठीत भूक, ताप, आवड, गरज आपल्याला 'लागते', 'येते', 'असते'; इंग्रजीत माणूसच कर्ता होतो. 'मला'चं शब्दशः 'टू मी' केलं की वाक्य मोडलं. ही आठ सबंध पाठ करायची, तोडायची नाहीत:

मला भूक लागली: आय ॲम हंग्री. मला ताप आहे: आय हॅव अ फीवर. मला दोन भाऊ आहेत: आय हॅव टू ब्रदर्स. मला आवडतं: आय लाइक इट. मला पाहिजे: आय वॉन्ट इट. मला वाटतं: आय थिंक. मला पोहता येतं: आय कॅन स्विम. मला जावं लागतं: आय हॅव टू गो.

पाठांतराला एरवी मर्यादा घालावी, पण इथे ते हवंच.

सातवी तपासणी: उजळणीची पेटी

सगळं येतं, पण पंधरा दिवसांनी जातं, अशी तक्रार असेल तर दोष स्मरणशक्तीवर ढकलू नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की विसरणं सगळ्यात वेगानं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत होतं, नंतर त्याचा वेग मंदावतो. म्हणजे एकाच रात्री शंभर वेळा लिहिण्यापेक्षा त्याच शब्दाला उद्या, परवा आणि आठवड्यानं भेटणं जास्त कामाचं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात यासाठी कप्प्यांच्या पेटीची पद्धत मांडली. ती आपल्याला बिनखर्चात करता येते.

लग्नसराईत घरोघरी पत्रिकांचा ढीग साचतो. त्यांच्या कोऱ्या पाठीची पत्त्यांएवढी कार्डं कापा. एका बाजूला मराठीतली जोडी किंवा छोटं वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, रोमन लिपीत. जोड्याच्या खोक्यात पुठ्ठ्यानं तीन कप्पे करा. पहिला रोज, दुसरा दर तिसऱ्या दिवशी, तिसरा आठवडी बाजाराच्या दिवशी. मराठी बाजू पाहून इंग्रजी आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं तर कितीही पुढे गेलेलं असो, परत पहिल्यात. मराठीकडून इंग्रजीकडेच जायचं. उलट दिशेनं अर्थ ओळखणं सोपं जातं आणि येत असल्याचा भास होतो.

रोज नवी कार्डं पाचच. शाळेच्या दोनशे दिवसांत हजार होतात, तेवढी पुष्कळ झाली. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सर्वांत उपयोगी इंग्रजी शब्दांची जी यादी काढली, तीच सुमारे दोन हजारांची आहे. वीस-वीस कार्डं टाकली की चौथ्या दिवशी पहिल्या कप्प्यात साठ-सत्तर साचतात आणि पोरगं खोकंच उघडेनासं होतं. पेटी बंद पडते ती याच कारणानं.

आपल्याकडचं वेळापत्रकही ध्यानात घ्या. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांनंतर, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, आणि दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत हजेरी तुटते. दहा दिवसांहून मोठा खंड पडला तर पहिले तीन दिवस नवं कार्ड नाही, फक्त जुनी.

मोबाइलवरच्या भाषांतराबद्दल: आधी स्वतःचं वाक्य वहीत, मग मोबाइल, मग फरकाखाली रेघ. उलट्या क्रमानं केलं तर ती फक्त नक्कल.

आठवी तपासणी: वाचन

ही सगळ्यात अवघड, कारण इथे वेळ लागतो. साधारण साठ शब्दांचा न वाचलेला उतारा द्या. सहापेक्षा जास्त शब्दांवर अडखळला तर ते पुस्तक त्याच्यासाठी आज जड आहे. नववीत असला तरी पाचवीचं पुस्तक घ्या. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. वर्गासमोर नाही, बाजूला बसवून द्या. पंधरा वर्षांच्या पोराला पाचवीचं पुस्तक चारचौघांत हातात दिलं तर ते पुन्हा तुमच्याकडे येणार नाही.

पद्धत: एक परिच्छेद तुम्ही वाचा, तो बोट ठेवून ऐकेल. मग दोघं सोबत. मग तो एकटा. दहा मिनिटं, आठवड्यातले सहा दिवस. अडलेला शब्द लगेच सांगून टाका, तीन सेकंदांपेक्षा जास्त ताटकळवू नका. ताटकळलं की वाक्याचा धागा सुटतो आणि वाचन म्हणजे शब्दांची माळ मोजणं होतं. वाचन सुधारलं की तिसऱ्या तपासणीपासून पुन्हा सुरू करा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

रोज वीस मिनिटं, सहा आठवडे नेमानं करूनही पहिल्या तपासणीतले आकडे हलले नाहीत, तर घरचे उपाय थांबवा. खालच्या गोष्टी दिसल्या तर सहा आठवडेही थांबू नका.

वही डोळ्यांपाशी नेतो, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो, दुपारनंतर डोकं दुखतं म्हणतो: आधी डोळे तपासा. ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणी होते. शब्दाचं शेवटचं अक्षर सतत चुकीचं ऐकतो, हाक दुसऱ्यांदा मारावी लागते: कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्या दिवशी हे पोरगं गैरहजर राहणार नाही एवढं पाहा.

मराठीतही अडखळत वाचतो, मराठी उतरवतानाही काना-मात्रा आणि अक्षरं उलटतात, तोंडी हुशार आणि लेखी कोरा: मग हा प्रश्न इंग्रजीचा राहिला नाही. ही अध्ययन अक्षमतेची चिन्हं असू शकतात, आणि ते ठरवणं शिक्षकाचं किंवा पालकाचं काम नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा, तिथून जिल्हा रुग्णालयाचा रस्ता कळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. त्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीसाठी नागपूरला, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिमसाठी अमरावतीला. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून ही धावपळ दहावीच्या दिवाळीनंतर करू नका. नववीतच सुरू करा.